एक छेद आठ

फ्लॅश पिशवीतच राहू दे, शार्दूल.
बुवा आत्ता कुठे षड्जाला टेकलेत
आणि तुझा तो पांढरा फटका
थेट त्यांच्या उघड्या तोंडात जाईल.

भिंग पूर्ण उघड. एक पूर्णांक आठ.
आकडा लहान तेवढं दार मोठं,
हे उलटं गणित माझ्याही डोक्यात
दोन लग्नसराया गेल्यावर शिरलं.
आयएसओ बत्तीसशे. फोटोत रवा पडेल,
पडू दे.
मोचेमाडच्या खाडीवरची हवा
तशीही काचेवर मीठ बसवतेच.
सदऱ्याच्या टोकाने पुसू नकोस,
तो मऊ फडका घे.

शटर एक छेद शंभर. त्यापुढे नेऊ नकोस.
ही ट्यूबलाईट सेकंदाला शंभरदा मिटते,
ते आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं,
आणि घाडीबुवांच्या कपाळावर पट्टे उमटतात
कुणी न लावलेल्या गंधाचे.

मोजमाप गालावर घे, फक्त गालावर.
मागचा काळोख बघून कॅमेरा घाबरतो,
सगळ्यांचे चेहरे भाजून काढतो.
त्याला सांगावं लागतं, काळोख काळोखच राहू दे.

आता समोरच्या बुवांची बारी.
टोमणा आला बघ,
घाडीबुवा पेटीवर बोटं तशीच ठेवून हसतायत.
हे घे. गाताना सगळेच घेतात,
ऐकताना घे.
आणि उभा राहू नकोस, रांगत जा.
शिरोड्याहून रिक्षा करून आलेली माणसं
तुझी पाठ बघायला आलेली नाहीत.

तीन वर्षांमागे ह्याच मांडवात लाईट गेली.
जनरेटरवाला चहाला गेलेला.
गजर ऐन भरात,
आणि कुणीच थांबलं नाही,
ना झांज, ना चकी, ना झील धरणारी पोरं.
काळोखात नुसता पखवाज
कुणीतरी जिना उतरत यावं तसा.
मग बाहेरून खाजेवाली आली,
स्वतःचा धंदा अंधारात टाकून
गॅसबत्ती हातात उंच धरून उभी राहिली.

मी पोफळीच्या खांबाला खांदा टेकवला.
चौसष्टशे. तरीही काटा खालीच.
तीस, पंधरा,
शेवटी एक छेद आठ.
एवढ्या वेळात माणूस अर्धी पापणी मिटतो.
कोपरं बरगड्यांशी, श्वास बंद,
दोन ठोक्यांच्या मधे बोट दाबलं.
एकच फोटो. मग लाईट आली
आणि सगळे कसे छान, कडक, साफ आले.

सुदाम मेस्त्रींची मुलगी चैत्रात स्टुडिओत आली.
बाप जाऊन महिना झाला होता, भिंतीसाठी हवा होता.
मी पडद्यावर चाळीस दाखवले,
अंगठ्याची शाई दिसेल इतके स्वच्छ.
ती पुढे, पुढे म्हणत राहिली.
मग तो आला. रवाळ, पिवळा,
चेहरा जागच्या जागी, डोळे मिटलेले,
आणि मनगटांपुढे काही नाही,
नुसता धूर.

तिने काचेवर बोट ठेवलं.
"पप्पांचे हात खंय गेले?"
मी सांगू लागले, शटर हळू असलं की,
प्रकाश कमी असला की,
हलणारी गोष्ट...
"कळला माका," ती म्हणाली. "ह्योच होयो."
फ्रेम कुठली, एवढंच मग विचारलं मी.
साधी म्हणाली. पैसे मोजून दिले,
मी वीस परत केले ते घेतले नाहीत.

त्या दिवसापासून मला नीट सांगता येत नाही
ह्या कामात चूक कशाला म्हणायचं.
तू मात्र शंभरावरच ठेव.
निदान यंदा.

गजर चढतोय. नव्या पखवाजीचं नाव विचारून ठेव,
मला ते माहीत नाही.
आणि बॅटरी किती उरलीय ते आधी बघ.